माशांच्या टाक्या आणि लाईटबिल: हिशोब कसा लावायचा?

बेंबळीतल्या एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मॅडम, मासे विकून जे येतं ते लाईटबिलातच जातंय. टाक्या काढून टाकते." त्यांच्या घरी चार काचेच्या टाक्या. आम्ही वही घेऊन बसलो. तोच हिशोब इथे देते.

युनिट कसं काढायचं?
वस्तूवर लिहिलेले वॅट × रोजचे तास × 30 दिवस, भागिले 1000. झाले महिन्याचे युनिट.

थंडीतला त्यांचा हिशोब असा निघाला:
- 100 वॅटचे 4 हिटर, रोज साधारण 10 तास चालू: 120 युनिट
- 5 वॅटचे 4 हवेचे पंप, 24 तास: 14.4 युनिट
- 10 वॅटचे 4 एलईडी दिवे, 12 तास: 14.4 युनिट

एकूण जवळजवळ 149! म्हणजे खरा खाऊ हिटर आहे, पंप नाही.

शिवाय महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या पुढच्या युनिटला दर जास्त लागतो. सगळ्या युनिटला नाही, फक्त पुढच्या. पण घराचा वापर आधीच 80-90 असेल तर टाक्यांची बरीचशी वीज महाग दरातच पडते. माशाची किंमत ठरवताना हे धरा.

काय बदललं?
- गोल्डफिशला हिटर लागत नाही. गप्पीच्या टाक्या आतल्या खोलीत नेल्या, खाली-मागे थर्माकोल लावला, वर झाकण. हिटर फक्त एंजलच्या टाकीला ठेवला: 30 युनिट.
- दोन नळ्यांचा एक पंप दोन टाक्यांना. दोन पंप: 7.2 युनिट.
- दिवे 6 तासच: 7.2 युनिट.

आता एकूण 44 च्या आसपास. टाक्या राहिल्या!

हे मात्र करू नका
बचतीसाठी रात्री पंप बंद करू नका. रात्री पाण्यातल्या वनस्पतीही ऑक्सिजन घेतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. लाईट गेली तर खाद्य टाकू नका, आणि मगाने टाकीतलंच पाणी वरून हळू ओतत राहा.

पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद, प्लग बाहेर. पाणी बदलताना हिटर 15 मिनिटं आधी बंद करा, नाहीतर काच तडकते. वायर बोर्डापेक्षा खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाणी ओघळत बोर्डात जाणार नाही.

मीटरचं काय?
राहत्या घरातून छोटा धंदा असेल आणि वापर महिन्याला 300 व वर्षाला 3600 युनिटच्या आत असेल तर घरगुती दरच लागतो. त्यामुळे घाबरू नका, पण आकड्यावर लक्ष ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना लाईटबिल आणा. बचतीच्या वहीत टाक्यांचं वेगळं पान काढू. मासे किती विकले, खाद्य किती, वीज किती. धंदा बंद करायचा की नाही, ते ते पानच सांगेल.