हरवलेला ओळखक्रमांक : ‘पूर्ववत करणे’ आणि ‘बदलणे’

आमच्या विभागातील एका संशोधक विद्यार्थ्याच्या मोबाइल फोनमध्ये बोलीच्या क्षेत्रपाहणीची ध्वनिमुद्रणे होती. फोनची प्रणाली त्याने एका परिचिताकडून नव्याने बसवून घेतली. ध्वनिमुद्रणे शाबूत राहिली, परंतु यंत्राला सेवा मिळेनाशी झाली. दुरुस्तीच्या दुकानात त्यास उत्तर मिळाले, ‘नंबर उडाला आहे, दुसरा टाकून देतो.’ यातील ‘दुसरा’ हा शब्द थोडा तपासून पाहण्याजोगा आहे.

आयएमईआय या नावाने परिचित असलेला हा क्रमांक 15 अंकांचा असतो. पहिले 8 अंक यंत्राचा प्रकार सांगतात, पुढील 6 त्या प्रकारातील एकेक यंत्र वेगळे करतात. आपल्या परिभाषेत पहिला भाग सामान्यनामासारखा, दुसरा विशेषनामासारखा, असे म्हणावयास हरकत नाही. पंधरावा अंक यंत्राविषयी काहीच सांगत नाही. तो केवळ आधीच्या चौदांचा पडताळा होय. ही पडताळ्याची रीत हान्स पीटर लून यांची. तिचे पेटंट 1960 साली मिळाले. चौदा अंकांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक अंक दुप्पट करावयाचे, दुप्पट दोन अंकी आल्यास तिच्या अंकांची बेरीज घ्यावयाची, आणि सर्वांच्या बेरजेला दहाच्या पटीत नेणारा अंक शेवटी लिहावयाचा. कोणताही एक अंक चुकला तर ही रीत चूक पकडते. शेजारचे दोन अंक उलटले तरी पकडते, अपवाद फक्त 0 आणि 9 यांच्या जोडीचा. मराठी भाषकास हे विशेष उपकारक आहे. आपण ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. तोंडी सांगितलेला क्रमांक टिपून घेणाऱ्याच्या हातून 47 चे 74 सहज होतात.

तथापि पडताळा जुळला म्हणजे क्रमांक खरा ठरला, असे नव्हे. व्याकरणशुद्ध वाक्य असत्य असू शकते. दुकानदाराचा ‘दुसरा’ क्रमांक असाच शुद्ध असेल, पण तो अन्य कोणाच्या फोनचा असण्याचा संभव राहतो. चोरीस गेलेल्या फोनांचे क्रमांक अडविणारी केंद्रीय नोंदव्यवस्था मुंबईत 2019 मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि देशभर मे 2023 मध्ये सुरू झाली. मूळ फोनची चोरी तेथे नोंदली गेली, तर आपलाही फोन बंद पडावयाचा, आणि खुलासा करण्याची पाळी आपल्यावर यावयाची.

कायद्याची भूमिका याहून कडक आहे. 2017 च्या नियमांनी उत्पादकाखेरीज इतरांनी हा क्रमांक हेतुतः काढणे, पुसणे अथवा बदलणे बेकायदेशीर ठरविले. दूरसंचार अधिनियम, 2023 नुसार अशा ओळखचिन्हात फेरफार केल्यास 3 वर्षांपर्यंत कारावास, 50 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्वतःचाच मूळ क्रमांक स्वतः परत लिहिणे हा ‘बदल’ होय काय, असा प्रश्न शब्दार्थाचा अभ्यासक विचारील. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या वादाच्या आश्रयाने राहणे शहाणपणाचे नाही. कारण मूळ लिहिणारे साधन आणि बनावट लिहिणारे साधन एकच, आणि मागाहून दोहोंत भेद दाखविणे दुर्घट. शिवाय हा क्रमांक ज्या राखीव भागात असतो, तेथेच पुष्कळ फोनांत रेडिओच्या समायोजनाची मोजमापेही असतात. अजाण हाताने तीही पुसली जातात.

म्हणून क्रम असा ठेवावा. *#06# दाबून पडद्यावर काय येते ते पाहावे. रिकामी जागा किंवा शून्ये दिसल्यास क्रमांक खरोखर गेला असे धरावे. खोक्यावरील व पावतीवरील क्रमांकाशी ताडून पाहावे. दोन सिमांच्या फोनला दोन क्रमांक असतात, हे विसरू नये. मग पावती घेऊन उत्पादकाच्या अधिकृत सेवाकेंद्रात जावे. त्याआधी फोनमधील सामग्री अन्यत्र उतरवून घ्यावी. ही सूचना उपचाराची नव्हे : केंद्रात पुष्कळदा मुख्य पट्टच बदलतात, आणि त्याबरोबर फोनमधील साठाही जातो.

आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तसेच घडले. ध्वनिमुद्रणे त्याने आदल्या रात्री विभागाच्या संगणकावर उतरवून ठेवली होती. नव्या पट्टाबरोबर फोनला नवा क्रमांक आला, म्हणजे ‘दुसरा’ अखेर मिळालाच, परंतु उत्पादकाच्या हातून आणि लेखी. खोक्यावरचा जुना क्रमांक आता जुळत नाही. म्हणून सेवाकेंद्राची पावती त्याने त्या खोक्यातच ठेवली आहे.