जंगलातली रात्रपाळी

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिळारीच्या जंगलात आपला एक दूरचा नातलग राहतो. वजन पाव किलोच्या आसपास, शेपूट नाही, हातपाय काटकुळे आणि चेहऱ्यावर मावता मावेनात एवढे गोल डोळे. स्लेंडर लोरिस हे त्याचं नाव. माकड आणि माणूस ज्या नरवानर गणात मोडतात, त्याच गणातला हा निशाचर.

रात्रीसाठी त्याचं शरीर किती बारकाईनं घडलं आहे, हे पाहून थक्क व्हायला होतं. डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. पडद्यातून निसटलेला प्रकाश त्या थरावरून माघारी येतो आणि डोळ्याला तो पुन्हा टिपता येतो. हातापायांची पकड इतकी चिवट की फांदी बराच वेळ धरली तरी सैल पडत नाही. आई किडे-मुंग्या शोधायला निघते तेव्हा वाढत्या पिल्लाला फांदीवरच ठेवून जाते. अंधारात, एकटं, ते फांदी धरून तिची वाट पाहतं.

उडी मात्र त्याला मारता येत नाही. दुसरी फांदी हाती आल्याशिवाय पहिली सुटत नाही. त्यामुळे जिथवर फांद्या एकमेकींना भिडल्या आहेत, तिथवरच त्याचं जग. मधून रस्ता गेला की जमिनीवर उतरणं आलं आणि तिथे गाड्यांची चाकं असतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाच्या बरोबरीचं स्थान आहे. पण फांद्यांची साखळी नेमकी कुठे तुटली आहे, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते रात्री चालून पाहावं लागतं.

ही पाहणी करण्याची रीत साधी आणि दमवणारी आहे. अंधार पडला की अभ्यासक डोक्याला दिवा बांधून ठरलेल्या वाटेनं संथ चालत राहतात. दिव्यावर लाल कागद लावतात, कारण निशाचर प्राणी लाल उजेडानं फारसे बिचकत नाहीत. झाडीत दोन ठिपके निखाऱ्यागत चमकले की थांबायचं. झाड कुठलं, उंची किती, प्राणी काय करतोय, जागा कोणती, सगळं टिपायचं आणि पुढे निघायचं. कित्येक रात्री काहीच दिसत नाही. त्या रात्रींचीही नोंद करावी लागते, कारण प्राणी कुठे नाही हेही कळायला हवं.

अशा चिकाटीतून काय हाती येतं, हे अर्जेंटिनात दिसलं. तिथल्या फॉर्मोसा प्रांतात संशोधक एदुआर्दो फर्नांदेझ-दुके यांनी १९९६ मध्ये ‘नाइट मंकी’ या मोठ्या डोळ्यांच्या माकडांचा अभ्यास सुरू केला. या माकडांत पिल्लू बहुतेक वेळ बापाच्या पाठीवर असतं. आई दूध पाजते, बाकी सांभाळ मुख्यतः बाप करतो. २०१४ मध्ये ३५ पिल्लांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यांतलं एकही पिल्लू परक्या नराचं निघालं नाही. वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांमागे कुणी फिरलं नसतं, तर एवढ्या निष्ठेचा पुरावा मिळालाच नसता.

आपल्याकडे तमिळनाडूनं ऑक्टोबर २०२२ मध्ये दिंडुक्कल आणि करूर जिल्ह्यांतलं ११,८०६ हेक्टर जंगल लोरिससाठी राखलं. कडवूरचं हे देशातलं पहिलं लोरिस अभयारण्य. दिंडुक्कल जिल्ह्यातच १९९० च्या दशकाच्या अखेरीस संशोधक ॲना नेकारिस यांनी लोरिसच्या मागे रात्री जागवल्या होत्या. तिळारीचं २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्रही जून २०२० मध्ये संवर्धन राखीव झालं. आता तिथल्या रात्रींचा हिशेब लागायला हवा.

इथे आकुर्डीचा संबंध येतो. आकुर्डी, भोसरी, चाकण या पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्याला रात्रपाळी कुणी समजावून सांगायची गरज नाही. जागरणाचं मोल इथल्या घराघराला ठाऊक आहे. शिवाय इथल्या पिंपरी-चिंचवड शहराचं पाणी येतं ते मुख्यतः पवना नदीचं, म्हणजे सह्याद्रीचंच. आणि इथे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत त्या कामांची यादी आहे आणि वनस्पती-प्राण्यांचं रक्षण त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

कंपन्यांनी आधी आपल्या परिसराकडे पाहावं असं कायदा म्हणतो आणि ते रास्तच आहे. शाळेची खोली, पाण्याची टाकी यांची गरज खरी आहे. पण त्याच निधीतला छोटा वाटा रात्री चालणाऱ्यांना मिळाला, तर गावातल्या वाटाड्याची मजुरी, जीपचं डिझेल, दिव्यांच्या बॅटऱ्या आणि तरुण अभ्यासकाचं मानधन सुटतं. खर्चाच्या मुख्य बाबी एवढ्याच. अडचण असते ती मुदतीची. एका वर्षाच्या अनुदानात अभ्यासकाला जंगलाची जेमतेम ओळख होते.

त्यावरही वाट आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार सीएसआरचा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. म्हणजे जवळपास चार पावसाळे आणि चार उन्हाळे. एवढ्या काळात लोरिस कुठे आहेत, रस्ता कुठे ओलांडतात, कुठे झाडं लावली किंवा दोराचा पूल बांधला तर तुटलेली साखळी जुळेल, हे वन विभागापुढे नकाशासह मांडता येईल. आकुर्डीतल्या एखाद्या कंपनीच्या सीएसआर समितीनं येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, एवढंच मागणं आहे.