अमेरिकेंतील शेतकरी विद्यार्थ्यांचें पुढारीपण

पुढारी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें सभा, हारतुरे आणि टाळ्या उभ्या राहतात. त्यामुळें आपला मुलगा शाळेच्या एखाद्या मंडळाचा अध्यक्ष झाला असें कानीं येतांच शेतकरी बापाच्या कपाळाला आठ्या पडतात. अभ्यास बुडाला आणि शेतही बुडालें, असें तो मनांत म्हणतो. ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुढारीपण व शेतकाम हीं एकाच जोखडाला जुंपतां येतात, हें अमेरिकेंतील शेतकरी विद्यार्थ्यांनीं शंभर वर्षें करून दाखविलें आहे. तो प्रयोग काय आहे व त्यांत उणें काय राहिलें, हें आमच्या वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

प्रारंभ लहान होता. सन १९०२ मध्यें ओहायो प्रांतांतील आल्बर्ट ग्रॅहॅम नांवाच्या शाळाधिकाऱ्यानें खेड्यांतील मुलांमुलींचें एक मंडळ काढलें. मका पेरून पाहणें, भाजीपाला लावणें, मातीची परीक्षा करणें, असे त्याचे उद्योग होते. असल्या मंडळांतूनच पुढें 'फोर-एच' ही चळवळ वाढली. डोकें, अंतःकरण, हात व आरोग्य या चार गोष्टींचे इंग्रजी शब्द 'एच' या अक्षरानें सुरू होतात, म्हणून हें नांव पडलें. दक्षिणेकडील प्रांतांत मक्याचीं मंडळें निघालीं. प्रत्येक मुलाने एक एकर मका सुधारलेल्या रीतीनें पिकवावा, असा त्यांचा परिपाठ होता. सन १९१० मध्यें साउथ कॅरोलिना प्रांतांतील जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलानें आपल्या एका एकरांत २२८ बुशेल व वर पाऊण बुशेल मका काढला. आपल्या मापानें हे सुमारें ५८ क्विंटल होतात. प्रांताची सरासरी याच्या कितीतरी खालीं होती. सरकारी तज्ज्ञाचें व्याख्यान ऐकून जे वडील हंसत असत, ते मुलाच्या शेताच्या बांधावर येऊन उभे राहूं लागले. अशा मंडळांचें खरें फळ तेंच होय.

सन १९१७ मध्यें त्या देशांत धंदेशिक्षणाचा कायदा झाला. सरकारी मदत घेऊन शेतकी शिकविणाऱ्या शाळेनें विद्यार्थ्याकडून वर्षांतून निदान सहा महिने देखरेखीखालीं प्रत्यक्ष शेतकाम करून घेतलें पाहिजे, अशी अट त्यांत घातली होती. पुस्तक वाचून शेती येत नाहीं, हें आपल्याकडील कोणताही कुणबी सांगेल; परंतु तें कायद्यांत लिहून ठेवणें निराळें. या शाळांतील विद्यार्थ्यांचे १८ प्रांतांतील ३३ प्रतिनिधी सन १९२८ च्या नोव्हेंबरांत कॅन्सस सिटी येथें जमले व 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका', म्हणजे अमेरिकेचे भावी शेतकरी, ही संस्था स्थापन झाली. न्यू जर्सी प्रांतांतील लेस्ली ॲपलगेट हा तिचा पहिला अध्यक्ष. वार्षिक वर्गणी दहा सेंट ठेवली होती.

येथें पुढारी कसा निवडतात, तें लक्षांत घेण्यासारखें आहे. प्रत्येक सभासदास स्वतःचा एखादा उद्योग चालवावा लागतो. कोणी वासरें पाळतो, कोणी कोंबड्या, कोणी कांहीं एकर पीक घेतो. त्याचा जमाखर्च त्यानें स्वतः वहींत मांडावयाचा. संस्थेच्या पदव्या चढत्या पायऱ्यांच्या असून वरची पायरी मिळण्यास स्वतःच्या उद्योगांतून किती मिळविलें व त्यांतून पुन्हां किती गुंतविलें, हें वहीवरून दाखवावें लागतें. प्रांताचा व देशाचा पुढारी होऊं पाहणाऱ्यास या पायऱ्या टाळतां येत नाहींत. सभेंतील मांडणीही अर्थपूर्ण आहे. अध्यक्षाच्या आसनाजवळ उगवत्या सूर्याचें चिन्ह असतें, उपाध्यक्षाजवळ नांगर, चिटणिसाजवळ मक्याचें कणीस, आणि शिकविणाऱ्या शिक्षकाजवळ घुबड. तिकडे तें शहाणपणाचें चिन्ह समजतात. दरवर्षीं देशाचे सहा पदाधिकारी निवडले जातात. ते कॉलेजचा अभ्यास एक वर्ष बाजूस ठेवून गांवोगांवच्या शाखांस भेटी देतात.

तथापि या संस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिणेंत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, म्हणून त्यांनीं सन १९३५ मध्यें 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' ही आपली निराळी संस्था उभारली. सन १९६५ मध्यें ती मोठ्या संस्थेंत विलीन झाली, तेव्हां तिचे सभासद ५० हजारांहून अधिक होते. परंतु विलीन होतांच त्यांची पदें, त्यांचें नांव व त्यांचीं चिन्हें गेलीं. मुलींना देशभर सभासदत्व मिळण्यास सन १९६९ उजाडावें लागलें. पहिली स्त्री अध्यक्ष, कॅलिफोर्नियाची जॅन एबर्ली, सन १९८२ मध्यें निवडली गेली. पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष होण्यास विलीनीकरणानंतर २९ वर्षें लागलीं.

तो अध्यक्ष म्हणजे सन १९९४ मध्यें निवडलेला कोरी फ्लोरनॉय. त्याचें शिक्षण कोठें झालें, हें ऐकून आमच्या वाचकांस आश्चर्य वाटेल. शिकागो या अफाट शहराच्या हद्दींत शेवटचें म्हणून जें शेत उरलें होतें, त्याच ७० एकरांहून अधिक जमिनीवर सन १९८५ मध्यें सरकारी शेतकी शाळा उघडण्यांत आली. तिचा तो विद्यार्थी. शहरांतून आलेला तो पहिलाच अध्यक्ष होता. शेतकऱ्याच्या घरीं जन्म घेतला तरच शेतीचा पुढारी होतां येतें, ही समजूत तेव्हां मोडली. सन १९८८ मध्येंच संस्थेनें आपल्या नांवांतील 'भावी शेतकरी' हे शब्द सोडून नुसतीं आद्याक्षरें ठेवलीं होतीं. कारण बी-बियाणें, प्राण्यांचें वैद्यक, अन्नप्रक्रिया हीं सर्व शेतीचींच अंगें होत. आज सभासद दहा लाखांच्या वर आहेत.

आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी व दापोली या विद्यापीठांचे पदवीचे विद्यार्थी ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठीं खेड्यांत येतात, बीजप्रक्रिया व मातीचा नमुना घेण्याची रीत दाखवितात. हें स्तुत्य आहे. परंतु तें शेत दुसऱ्याचें असतें, आणि तोट्याची झळ विद्यार्थ्यास लागत नाहीं. शिवाय चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची, जेव्हां शेतीविषयीं मन बसतें किंवा उडतें, तेव्हां कोणी विचारपूस करीत नाहीं. सुटीच्या दिवशीं तो बापाच्या शेतांत राबतो. पण पीक कोणतें घ्यावयाचें, माल केव्हां विकावयाचा, यांत त्याचा शब्द नसतो. असा मुलगा हुकूम पाळावयास शिकतो, शेती करावयास नव्हे. पुढें तो शहराची वाट धरतो आणि आपण काळास बोल लावतों.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक खातेदारानें आपल्या मुलास, व मुलीसही, पांच-दहा गुंठे जमीन एका हंगामापुरती तोडून द्यावी. पीक त्यांनीं ठरवावें. बियाणें, खत, पाणी, मजुरी व स्वतःचे राबलेले दिवस, सर्व वहींत लिहावें. आडतीची पट्टी त्यांच्या नांवानें यावी. नफा झाला तर तो त्यांचा. तोटा झाला तर तो झांकूं नये. हंगाम संपल्यावर त्या मुलांस गांवच्या संस्थेच्या सभेंत बोलवावें, आणि वडीलधाऱ्या मंडळींनीं हातांतलें काम बाजूस ठेवून त्यांचा जमाखर्च ऐकावा, प्रश्न विचारावेत. चार शेतकऱ्यांपुढें उभें राहून आपला तोटा कोठें झाला हें जो मुलगा नीट सांगूं शकला, त्याला उद्यां संस्थेचें काम सोंपविण्यास कोणीही भिऊं नये.