परतीचं कलम

यंदा गणपती उठले आणि माझा पुतण्या बायकोमुलासकट जर्मनीला गेला. त्याला चाकणच्या कंपनीने पाठवलेलं नाही. चाकणच्या नोकरीचा राजीनामा देऊन, श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीचं थेट नेमणूकपत्र घेऊन तो गेला. निगडी प्राधिकरणातल्या घरी निरोपाला बरीच मंडळी जमली होती. भाडं किती, थंडी किती, पगारातून कापतात किती, सगळं विचारून झालं. ‘परत कधी?’ हे मात्र कुणीच विचारलं नाही, त्याच्या आईनेसुद्धा. आम्ही जर्मनीला निघालो होतो तेव्हा याच माणसांनी हा एकच प्रश्न विचारून आम्हाला भंडावून सोडलं होतं. मला ते लागलं, म्हणून पिंपरी-चिंचवडमधून कंपनीच्या कामासाठी परदेशी गेलेल्या कुटुंबांचा हा मागोवा.

सुरुवातीचा काळ भराभर सांगून टाकते, कारण त्यात कुटुंबं नव्हतीच. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मग दापोडीपासून चिंचवडपर्यंत स्वीडिश आणि जर्मन नावांचे कारखाने उभे राहिले. सँडविक, एसकेएफ, केएसबी, पुढे टेल्को. तेव्हा इंजिनिअर ‘ट्रेनिंगला’ जायचा, एकटा. परकी चलनाची अशी टंचाई होती की, खिशात आठ डॉलर घेऊन माणूस विमानात बसे. तो परत आला की सत्कार, मग स्लाइड-शो, मग पुढची वीस वर्षं ‘आम्ही स्वीडनला होतो तेव्हा’. लहानपणी हे सगळं मी इतकं ऐकलंय की, त्यावर आणखी एक परिच्छेद लिहायची माझी तयारी नाही. नव्वदच्या दशकात तर वाहतूक उलटीच होती. 1994 मध्ये मर्सिडीज टेल्कोच्या आवारात आली आणि जर्मन माणसं चिंचवडला राहायला आली. इंडिकाच्या आखणीसाठी आपले लोक इटलीत तुरिनला जाऊन आले, पण घरच्यांना नेलं नाही.

खरी गोष्ट 2004 पासून सुरू होते. त्या वर्षी टाटा मोटर्सने, म्हणजे जुन्या टेल्कोने, कोरियातल्या गुनसानचा देवूचा ट्रक कारखाना घेतला. त्याच सुमाराला भारत फोर्जने जर्मनीतल्या एन्नेपेटालची सीडीपी ही फोर्जिंग कंपनी विकत घेतली. 2005 मध्ये टाटांनी इंग्लंडमध्ये वॉरिकला तांत्रिक केंद्र काढलं. 2007 मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला आणि आकुर्डीतले लोक माटिगहोफेन नावाच्या गावाचा पत्ता पाठ करू लागले. त्याच वर्षी आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन बंद झालं, हेही सांगायला हवं. साहेबाच्या बॅगा भरल्या जात होत्या आणि कामगार व्हीआरएसचा हिशेब मांडत होता. आमच्या भागाच्या भरभराटीची गोष्ट सांगणारे हे दुसरं वाक्य गाळतात. 2008 च्या जूनमध्ये टाटांनी 2.3 अब्ज डॉलर मोजून जॅग्वार-लँड रोव्हर घेतली. 31 मार्च 2009 ला चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, मर्सिडीजही त्याच वर्षी चाकणला गेली. त्यांच्यामागून त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या आल्या. प्रत्येकीची आई युरोपातल्या कुठल्यातरी खेड्यात होती आणि तिथे जाऊन नवी लाइन, नवी प्रेस, नवा गिअरबॉक्स शिकून यायला माणूस हवा होता. दोन-तीन वर्षांसाठी. त्या पत्राला आमच्याकडे नुसतं ‘लेटर’ म्हणत. ‘देशपांड्यांना लेटर आलं’ एवढ्यावर सोसायटीला सगळं कळायचं.

आमच्या घरी लेटर 2008 च्या सुरुवातीला आलं. नवरा अशाच एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत होता. पत्र चांगलं जाडजूड होतं. सजवलेलं घर, रोजचा भत्ता, वर्षातून एकदा मायदेशी यायचं तिकीट, मुलीच्या शाळेचा खर्च. माझ्याबद्दल एक ओळ होती: सोबत येणारी अवलंबित व्यक्ती. आणि शेवटच्या पानावर एक कलम होतं, मुदत संपल्यावर मूळ ठिकाणी समकक्ष पदावर रुजू करून घेण्यात येईल. सासऱ्यांनी चष्मा लावून तेवढं कलम दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘मग जा.’

घरात निर्णय घेतला असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. निर्णय कंपनीत झालेला होता, आम्हाला हो म्हणायला पंधरा दिवस दिले होते. मी अनुदानित शाळेत गणित शिकवत होते, कायम होते. बिनपगारी रजेचा अर्ज केला. संस्थेच्या चिटणिसांनी मला समोर बसवून सांगितलं, नवऱ्याचं प्रमोशन म्हणजे बायकोची रजा नव्हे. वाक्य त्यांना इतकं आवडलं की, शिक्षकखोलीत येऊन पुन्हा म्हणाले. मी राजीनामा दिला आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीतून माझं नाव गेलं. चिटणीस आता हयात नाहीत, नाहीतर याहून जास्त लिहिलं असतं.

मग कागद. आमच्या लग्नाची पत्रिका होती, फोटो होते, आहेराची वही होती, नोंदणी नव्हती. आमच्या पिढीत कुणाचीच नसायची. लग्नाला दहा वर्षं होऊन गेल्यावर आम्ही साक्षीदार घेऊन निबंधकाकडे उभे राहिलो. त्यात 2007 च्या ऑगस्टपासून जर्मनीने नवा नियम केला होता. तिकडे कुटुंबात जाणाऱ्या जोडीदाराला प्राथमिक जर्मन येत असल्याचं प्रमाणपत्र लागायचं. ज्याला रोज कारखान्यात जर्मन माणसांशी बोलायचं होतं त्याला परीक्षा नाही, जिला घरी बसायचं होतं तिला परीक्षा. आकुर्डीहून लोकलने पुणे स्टेशन आणि तिथून बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनातला जर्मनचा वर्ग. त्या वर्गात निम्म्या बायका पिंपरी-चिंचवडच्या होत्या. एक होमिओपॅथ, एक बँकेतली ऑफिसर, एक पीएच.डी. अर्धवट टाकलेली. चाकणच्या गाड्यांच्या कहाणीत या बायकांची नोंद मला अजून कुठे दिसलेली नाही.

लुफ्तान्झाने 2008 मध्येच पुण्याहून फ्रँकफुर्टला थेट विमान सुरू केलं होतं, तेही फक्त बिझनेस क्लासचं, साहेब लोकांचं. आम्ही रात्रीच्या शेअर टॅक्सीने मुंबईला गेलो.

तिकडे पोचून स्थिरावतोय तोवर सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. नवऱ्याच्या कारखान्यात जर्मन कामगारांना कमी तासांचं काम दिलं गेलं आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग त्यांच्या सरकारने भरून दिला. आमचा पगार पुण्याच्या पेरोलवर होता. आम्हाला पुण्याहून ईमेल आला, पुढील सूचना मिळेपर्यंत भत्ता निम्मा. पुढील सूचना काही आली नाही.

तरीही ती वर्षं आठवली की मला हळहळ वाटते, आणि ती युरोसाठी नाही. त्या छोट्या गावात आमच्याच पट्ट्यातून आलेली चार-पाच मराठी कुटुंबं कायम असत. माणसं बदलत, संख्या तेवढीच राही. परतणारं कुटुंब येणाऱ्या कुटुंबाला घर लावून देई. पोळपाट-लाटणं, मिक्सर, बिड्याचा तवा, मुलांच्या बर्फातल्या बुटांची पिशवी, कुकरच्या जादा रिंगा. मला मिळालेलं पोळपाट चिखलीच्या एका बाईंनी आणलं होतं. मी त्यांना कधी भेटले नाही. जाताना मी ते मोशीच्या मुलीला दिलं. कुणाच्या घरी मूल झालं तर डिंकाचे लाडू कोण करणार हे न बोलता ठरलेलं असे. सगळे परत जाणार आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून हे चाले. हल्ली मी तिथल्या मराठी बायकांशी फोनवर बोलते. माणसं तेव्हाच्या कितीतरी पट झाली आहेत, ढोल-ताशा पथक आहे, मराठी शाळा आहे. पोळपाट ज्याचं त्याचं आहे.

परत यायचं ठरवलं मुलीने, म्हणजे तिच्या इयत्तेने. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाटणी होते. कुणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिमनाझियममध्ये, कुणी दुसऱ्या शाळांत. दहाव्या वर्षी मुलाचा रस्ता ठरवायचा आणि तोही पाच-सहा वर्षांनी इकडे परतायच्या बेताने, हे आम्हाला झेपेना. आमच्यातली बरीच कुटुंबं चौथीच्या आधी परतली. जी त्या वर्षानंतर राहिली ती राहिलीच.

2011 मध्ये आम्ही निगडीला आलो. समकक्ष पदाच्या जागी दुसरा माणूस बसला होता. नवऱ्याला ‘विशेष प्रकल्प’ दिला, म्हणजे कॉन्फरन्स रूमबाहेरच्या पॅसेजमध्ये एक टेबल. जी लाइन शिकून यायला पाठवलं होतं ती बसवायचा निर्णय मंदीत रद्द झाला होता आणि हे आम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. मुलीच्या प्रवेशासाठी एका नामवंत शाळेने इमारत निधीची पावती पुढे केली. मला माझ्याच विषयासाठी दुसऱ्या एका शाळेत तासिका तत्त्वावर घेतलं. नातेवाइकांचं म्हणणं एकच होतं, तुम्हाला काय कमी, युरोत कमावून आलात. बरोबर एक वर्षाने, 2012 च्या ऑगस्टात, जर्मनीने कुशल परदेशी नोकरदारांसाठी ब्ल्यू कार्ड आणलं. ते कार्ड घेऊन जाणाऱ्याच्या जोडीदाराला भाषेच्या परीक्षेतून सूट आणि पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा. तेव्हा मी तासाच्या दराने दहावीचं बीजगणित शिकवत होते.

ब्ल्यू कार्डाने डेप्युटेशन, म्हणजे आमच्यासारखं मुदतीवर पाठवणं, मारलं असं मी म्हणणार नाही. कंपन्यांना ते आधीच महाग वाटायला लागलं होतं. घर, तिकीट, शाळा, भत्ता कशाला? माणूस तिकडच्याच पगारावर तिकडेच घ्यायचा, म्हणजे परत आणायची जबाबदारी नाही. पुढची वर्षं याच दिशेने गेली आणि त्यात लिहिण्यासारखं थोडंच आहे. 2017 मध्ये जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं थांबवलं, 2020 च्या डिसेंबरात तळेगावची लाइन बंद केली. तिथल्या कामगारांना कुणी कुठल्या देशाचं लेटर दिलं नाही. त्यांच्या वाट्याला कोर्ट आलं. आता त्याच जागेत ह्युंदाई आहे.

पुतण्याला मी विचारलं, का जातोस? त्याने पगार सांगितला नाही. निगडीहून चाकणला जायला लागणारा वेळ सांगितला. तळेगाव चौकातली कोंडी सांगितली. चाकणजवळ विमानतळ होणार म्हणून त्याच्या वडिलांनी राजगुरुनगरला गुंठे घेतले होते, तो विमानतळ 2016 मध्ये पुरंदरला गेला आणि तिथेही अजून नांगरच चालतो, हेही त्याने सांगितलं. यावर मला उत्तर देता आलं नाही. सगळ्या जगाच्या गाड्या इथे बनवायच्या आणि त्या बनवणाऱ्याने रोज दोन-दोन तास रस्त्यावर काढायचे, हे वीस वर्षं चाललंय.

पण तिकडचंही चित्र मला साधं वाटत नाही. 2024 च्या ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल माणसांसाठी वर्षाला वीस हजारांऐवजी नव्वद हजार व्हिसांची घोषणा केली. दोनच महिन्यांनी फोक्सवॅगनने 2030 पर्यंत जर्मनीतल्या 35 हजारांहून जास्त जागा कमी करायचा करार केला. बॉश आणि झेडएफचे आकडेही हजारांतच आहेत. दार उघडताहेत तेही तेच आणि खुर्च्या उचलताहेत तेही तेच. अमेरिकेचं तर विचारू नका. 2025 च्या 19 सप्टेंबरला नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला आणि वाकड-पिंपळे सौदागरमध्ये सुट्टीवर आलेल्या मंडळींनी रातोरात परतीची तिकिटं शोधली. आमचा भत्ता निम्मा झाला तेव्हा निदान पाठीशी एक कलम होतं. ते पाळलं अर्धवटच, पण त्याच्या आधारावर नवरा एचआरच्या टेबलापुढे उभा राहू शकला. पुतण्याची नोकरी गेली तर ठरावीक महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. आणि सोडून यायचं कुठे? चाकणला त्याचा राजीनामा मंजूर झालेला आहे.

जाऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही, माझी स्वतःची मुलगीही ऐकणार नाही. पण ज्यांना अजून कंपनीकडून लेटर येतंय त्यांनी ते सासऱ्यांसारखं चष्मा लावून वाचावं. परतल्यावरचं पद नावानिशी लिहिलेलं आहे का, जोडीदाराला तिथे काम करता येईल का, मुदत मध्येच तोडली तर मुलांच्या शाळेचं वर्ष कोण भरून देणार, हे विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. बायकोनेही त्या बैठकीला बसावं. ते उत्तर हातात येईपर्यंत कृपा करून मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला काढू नका.