निराळ्या घड्याळांचे सहकारी

आपले काम दुसऱ्याकडून करवून घेणे ही कला फार जुनी आहे. आणि ती सोपी आहे हा समजही तितकाच जुना, पण चुकीचा आहे. काम करणारा डोळ्यांसमोर असला म्हणजे हातवारे, चेहरा, एखादा हुंकार यांवरही पुष्कळ भागून जाते. तो दृष्टीआड गेला की सारा भार शब्दांवर येऊन पडतो. आणि तो पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस असला, आपला दिवस ती त्याची रात्र असली, म्हणजे तर शब्दांबरोबर घड्याळाचाही विचार करावा लागतो. आजच्या भाषणात या दुहेरी अडचणीचा, आणि तिच्यातून वाट कशी काढावी याचा, थोडा विचार करावयाचा आहे.

विषय परदेशचा वाटला तरी त्याचा पहिला धडा आपल्या घराजवळच मिळतो. गोंदिया शहराला लागून फुलचूर हे गाव आहे. हा सारा मुलूख धानाचा आणि विडीचा. विडीचा कारखानदार तेंदूपान, तंबाखू व धागा सट्टेदाराच्या हाती देई. सट्टेदार ते सामान घरोघर वाटी. घरची बाई पाने भिजवून, कापून विड्या वळी आणि हजाराच्या हिशेबाने परत करी. कारखानदार आणि ती बाई यांची गाठ बहुधा आयुष्यात पडत नसे. आज ज्याला आउटसोर्सिंग असे भारदस्त नाव मिळाले आहे, ते याहून निराळे काय आहे?

या व्यवहारात तंटे कशावरून होत, हे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यावरून स्पष्ट दिसते. घरी काम करणाऱ्यांच्या बाबतीत त्या कायद्याने मुद्दाम तीन गोष्टींचा उल्लेख केला : कच्चा माल देणे, विड्या नापास करणे, आणि नापास विड्यांची मजुरी. म्हणजेच, काय दिले, कोणत्या कसोटीवर पारखले, आणि चुकीचे नुकसान कोणी सोसले, हे तीन प्रश्न. काम विडीचे असो की संगणकाचे, दूरच्या माणसाशी होणारे बहुतेक तंटे याच तीन प्रश्नांची उत्तरे आधी न ठरविल्यामुळे होतात. आणि ती ठरविली नाहीत म्हणजे नुकसान बहुधा दुबळ्या बाजूच्याच पदरी पडते, हेही विडी वळणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नव्हते.

१९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगलोर येथे आपली शाखा उघडली आणि तेथे झालेले काम उपग्रहाच्या दुव्याने सातासमुद्रापार जाऊ लागले. पुढे पुण्याचे हिंजवडी, नागपूरचे मिहान अशी ठिकाणे या उद्योगासाठी उभी राहिली. आता तर तारेचा चांगला जोड असला म्हणजे फुलचुरातील घराच्या माडीवर बसूनही न्यूयॉर्कच्या पेढीचे हिशेब तपासता येतात. सट्टेदाराची जागा मधल्या कंपनीने घेतली आहे. भर पडली आहे ती निराळ्या घड्याळाची.

निराळी घड्याळे हीही आपल्याला अगदी नवी गोष्ट नव्हे. या देशात एके काळी मुंबईची वेळ निराळी, कलकत्त्याची निराळी आणि आगगाडी पाळी ती मद्रासची वेळ तिसरीच, असा प्रकार होता. गोंदिया आणि मद्रास ही गावे जवळजवळ एकाच रेखांशावर असल्यामुळे गोंदियाकरांचा सूर्य आणि आगगाडीचे घड्याळ यांचे सहज जुळे. १ जानेवारी १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ साऱ्या देशासाठी ठरविण्यात आली. ती गोंदियाच्या सूर्यापेक्षा सुमारे नऊ मिनिटे पुढे आहे. परंतु कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नाही. मुंबईची वेळ नव्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटे मागे. तेव्हा ‘पाच वाजता भेटू’ म्हणणाऱ्याला ‘कोणत्या घड्याळाने?’ असे विचारणे भाग पडे. हाच प्रश्न आज आपण विचारावयास विसरतो, आणि घोटाळा होतो.

आता प्रत्यक्ष अंतरे पाहू. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास, न्यूयॉर्क साडेदहा तास आणि सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा तास असते. टोकियो मात्र आपल्यापुढे साडेतीन तास. उन्हाळ्यात इंग्लंड-अमेरिकेतील लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात. आपण करीत नाही. त्यामुळे तिकडील अंतर एका तासाने कमी होते. शिवाय हा बदल दोन्ही देश एकाच दिवशी करीत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी करते, इंग्लंड शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ठरलेल्या बैठकीस एक पक्ष तासभर आधी येऊन बसतो आणि दुसऱ्या पक्षास बेशिस्त ठरवितो! वास्तविक दोष कोणाचाच नसतो.

यावर उपाय साधा आहे. वेळ लिहिताना तारीख, वार आणि गाव ही तिन्ही लिहावीत. ‘उद्या सायंकाळी’ हे शब्द घरात ठीक. पत्रात ते निरुपयोगी, कारण आपला उद्या उजाडतो तेव्हा पलीकडे आजचीच रात्र चालू असते. आपल्या भाषेतला ‘परवा’ तर मागेही जातो आणि पुढेही येतो. ‘रात्री बारा’ म्हणजे कोणत्या तारखेचे बारा, हाही वादाचा विषय आहे. त्याऐवजी ‘अकरा वाजून पंचावन्न मिनिटे’ म्हणावे, म्हणजे वादच उरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पत्राच्या पूर्णतेची. समजा, न्यूयॉर्कहून निरोप आला : ‘यादीत चूक आहे, दुरुस्त करावी.’ फुलचूरच्या मुलीने सकाळी दहाला विचारले, ‘कोणती यादी?’ त्या वेळी हिवाळ्यातल्या न्यूयॉर्कात आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. तेथील गृहस्थ सकाळी नऊला उत्तर देतो, तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि मुलगी काम आटोपून उठलेली असते. उत्तर तिला दिसणार दुसऱ्या दिवशी. मग ‘कोणती चूक?’, मग ‘केव्हापर्यंत?’ असे तीन प्रश्न म्हणजे तीन दिवस गेले. समोरासमोर ही गोष्ट तीन मिनिटांची. म्हणून दूरच्या घड्याळाशी व्यवहार करणाऱ्याने एक हिशेब पक्का लक्षात ठेवावा : प्रत्येक अपुऱ्या वाक्याची किंमत एक दिवस.

तोच निरोप असा लिहिता आला असता : ‘१२ तारखेच्या ग्राहक-यादीत ४० ते ५५ या ओळींतील पिन कोड रिकामे आहेत. ते मूळ अर्जांवरून भरावेत. अर्जात नसतील तर जागा रिकामी ठेवून शेजारी खूण करावी आणि पुढचे काम थांबवू नये. यादी शुक्रवारी, १५ तारखेस, भारतीय वेळेने सायंकाळी सहापर्यंत हवी.’ यातील ‘नसतील तर’ हे दोन शब्द सर्वांत मोलाचे आहेत. पुढे येणारी अडचण आधीच ओळखून तिचे उत्तर देऊन ठेवणे, यालाच दूरस्थ कामाची दूरदृष्टी म्हणावयाचे.

आपल्या पूर्वजांना ही दृष्टी होती. पेशवाईत दिल्लीस हिंगणे घराण्याचे वकील असत. पुण्याहून पत्र जाऊन उत्तर येण्यास कित्येक दिवस लागत. त्या काळच्या पत्रांत कोणते पत्र पावले, त्यातील कोणत्या कलमाचे उत्तर काय, हे क्रमाने लिहिलेले आढळते. पोच देणे आणि कलमवार उत्तर देणे, या दोन सवयी आजच्या वीजवेगाच्या पत्रव्यवहारातही तितक्याच उपयोगी आहेत. वेग वाढला म्हणून स्पष्टता आपोआप वाढत नाही.

आता एक नाजूक मुद्दा. आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणणे उद्धटपणाचे मानतात. म्हणून आपण ‘बघतो’, ‘करून टाकू’ असे म्हणतो, आणि ऐकणारा मराठी माणूस त्या स्वरावरून काय समजावयाचे ते समजतो. परकी माणसाला तो स्वर ऐकू येत नाही. त्याला फक्त होकार ऐकू येतो. मग ठरल्या दिवशी काम नसते आणि एका शब्दावरून सबंध देशाची पत जाते. म्हणून काम घेणाऱ्याने ‘मला समजलेले असे’ म्हणून ते आपल्या शब्दांत परत सांगावे. आणि उशीर होणार असे दिसताच, कारणासह, लगेच कळवावे. मंगळवारी कळलेली वाईट बातमी ही अडचण असते. तीच शुक्रवारी कळली म्हणजे विश्वासघात वाटतो. काम देणाऱ्यानेही ‘समजले ना?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘सुरुवात कोठून कराल?’ असे विचारावे.

शेवटचा प्रश्न न्यायाचा आहे. रात्र कोणी जागवावी? सायंकाळी सात ते नऊ ही आपली वेळ हिवाळ्यात न्यूयॉर्कची सकाळी साडेआठ ते साडेदहा असते. प्रत्यक्ष बोलणे तेवढ्या दोन तासांत आटोपता येते, बाकीचे लिहून कळवावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत मात्र एका पक्षाला गैरसोय सोसावीच लागते. ती पाळीपाळीने सोसावी, हेच न्याय्य. प्रत्यक्षात पैसे देणारा झोपतो आणि घेणारा जागतो. जागरण ही किरकोळ गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली आणि २०१९ साली ते मत कायम ठेवले. सणावारांचेही तसेच. अमेरिकेतील नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा सण आपण पाठ करतो. मग आपला पोळा आणि दिवाळी त्यांनाही वर्षारंभीच कळवून ठेवण्यात संकोच कशाचा?

ज्या घरांतून मुले-मुली असे काम करतात, त्या घरांनीही एवढे ध्यानात घ्यावे की, दुपारी निजलेली मुलगी आळशी नसते. तिची रात्र तिने दुसऱ्या देशाला दिलेली असते. तिच्या झोपेच्या वेळी दाराची कडी वाजवू नये, आणि पाहुण्यांनाही तसे आधीच सांगून ठेवावे. दूरच्या माणसाशी नीट बोलण्याचे सारे शास्त्र अखेर एवढ्यावर येऊन ठेपते : निरोप धाडण्यापूर्वी क्षणभर त्याच्या खिडकीतून बाहेर पाहावे, तेथे ऊन आहे की अंधार, आणि आपले शब्द आपल्यामागे एकटेच उभे राहू शकतील, इतके पुरते लिहावेत.