जुन्या मिनीला ‘रेसिंग कॅम’ बसवावा का? ३०० अंशांच्या आकड्यामागचं गणित

जुन्या मिनी कारचे रील्स पाहिले असतील, तर तो आवाज ओळखीचा असेल. गाडी जागेवर उभी, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, तरी इंजिन ‘धड्-धड्… धड्’ असं अडखळत हुंकारतंय, बोनेट थरथरतंय. कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो, ‘भावा, कोणता कॅम?’

हा आवाज ज्या भागामुळे येतो तो म्हणजे कॅमशाफ्ट. इंजिन ‘मॉडिफाय’ करायचं म्हटलं की पहिली नजर त्याच्यावर जाते आणि सगळ्यात महागात पडणारी चूकही बहुधा त्याच्याच निवडीत होते. मोठा कॅम म्हणजे जास्त ताकद, असा सरळ हिशोब मांडला जातो. प्रत्यक्षात कॅम ताकद किती हे जेवढं ठरवतो, त्याहून जास्त ती कुठल्या आरपीएमला मिळणार हे ठरवतो.

मिनीच का?

कारण छोट्या क्लासिक गाड्यांमध्ये कॅमवर भरपूर प्रयोग झाले ते तिच्या ‘ए-सिरीज’ इंजिनावर. १९५१ मध्ये ऑस्टिन ए-३० या गाडीत ८०३ सीसीचं म्हणून आलेलं हे इंजिन १९५९ मध्ये मिनीत ८४८ सीसीचं झालं आणि ताकद होती जेमतेम ३४ बीएचपी. १९६४ मध्ये आलेल्या १२७५ सीसीच्या कूपर एसमध्ये ती ७६ पर्यंत गेली. मॉन्टे कार्लो रॅली मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली. गाडी २००० सालापर्यंत बनत होती. त्यामुळे सुटे भाग आजही नवे मिळतात आणि कॅमचे तर डझनावारी प्रकार आहेत.

भारतात ही गाडी मोजक्या संग्राहकांकडेच दिसते. पण तिच्या इंजिनाची घडण आपल्याला परकी नाही. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनातही कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच असायचा. तिथून पुशरॉड वर जाऊन रॉकरला ढकलणार आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडणार. ज्यांनी पद्मिनीचे टॅपेट सेट होताना पाहिलेत, त्यांना पुढचं सगळं सहज कळेल.

आकडे कसे वाचायचे?

कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. प्रत्येक उंचवटा, म्हणजे लोब, एक व्हॉल्व्ह उघडतो. किती वर उचलतो ती ‘लिफ्ट’ आणि किती वेळ उघडा ठेवतो ते ‘ड्युरेशन’. ड्युरेशन क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात.

८४८ सीसी मिनीच्या मूळ कॅमचे आकडे आहेत ५-४५-४०-१०. अर्थ असा : इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी ५ अंश उघडतो आणि पिस्टन तळ गाठून परत निघाल्यावर ४५ अंशांनी बंद होतो. एक्झॉस्ट तळाच्या आधी ४० अंश उघडतो, वरचं टोक ओलांडल्यावर १० अंशांनी मिटतो. इनलेटचं ड्युरेशन झालं ५ + १८० + ४५, म्हणजे २३० अंश. वरच्या टोकाजवळ दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात, तो ‘ओव्हरलॅप’ ५ + १०, म्हणजे १५ अंश.

आता त्याच इंजिनासाठीचा जुना प्रसिद्ध रेसिंग कॅम घ्या, ‘६४९’. त्याचे आकडे ५०-७०-७५-४५. ड्युरेशन ३०० अंश आणि ओव्हरलॅप तब्बल ९५ अंश. रीलमधला तो आवाज इथून येतो. कमी आरपीएमला जळका वायू उलटा इनलेटमध्ये घुसतो, ताजं मिश्रण एक्झॉस्टवाटे निसटतं, एखादा स्फोट नीट होतो, एखादा होत नाही. म्हणजे आपण ज्याला ‘काय आवाज आहे!’ म्हणतो, ते खरं तर इंजिनाचं ठसकणं आहे.

मग रेसवाले असा कॅम का लावतात?

हवेला वेग असतो म्हणून. दादरला लोकल थांबल्यावर आत शिरणारा लोंढा आठवा. डब्यात जागा संपली तरी मागचा रेटा माणसं आत ढकलतच राहतो. ६,००० आरपीएमला इनलेटमधल्या हवेचं तेच होतं. पिस्टन वर यायला लागला तरी ती आत येत राहते, म्हणून व्हॉल्व्ह उशिरा बंद करणं फायद्याचं. पण १,५०० आरपीएमला लोंढाच नसतो. दार उघडं राहिलं की आत आलेली माणसंच बाहेर पडतात.

हे किती महागात पडतं, याचा हिशोब मी करून पाहिला. (इंजिनीअरिंगची डिग्री अशा वेळी तरी कामाला येते.) १२७५ इंजिनाचा स्ट्रोक ८१.२८ मिमी, कनेक्टिंग रॉड साधारण १४६ मिमी. इनलेट ४५ अंशांवर बंद झाला तर मिश्रण दाबायला स्ट्रोकचा सुमारे ८९ टक्के भाग उरतो. ७० अंशांवर बंद झाला तर सुमारे ७३ टक्के. कागदावर कम्प्रेशन ९.७५ असेल, तर पहिल्या कॅमसोबत प्रत्यक्षातलं कम्प्रेशन साधारण ८.८ आणि दुसऱ्यासोबत ७.४. म्हणजे इंजिनात बाकी काही न बदलता फक्त मोठा कॅम टाकला, तर सिग्नलवरून निघताना गाडी आधीपेक्षा मंद वाटणार. मोठ्या कॅमसोबत हेडचं कम्प्रेशन वाढवावं लागतं, ते यासाठी.

ए-सिरीजची खास अडचण

या इंजिनाच्या हेडमध्ये चार सिलिंडरना इनलेटची दारं दोनच. १ आणि २ मिळून एक, ३ आणि ४ मिळून दुसरं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे २ नंतर लगेच १ हवा ओढतो आणि ३ नंतर लगेच ४. पहिल्याचा व्हॉल्व्ह मिटायच्या आत शेजाऱ्याचा उघडतो आणि एकाच दारातून ओढाताण सुरू होते.

मूळ कॅमवर ही ओढाताण ५० अंश चालते. ६४९ वर १२० अंश! मिनीवाले याला सरळ ‘चोरी’ म्हणतात, कारण एक सिलिंडर दुसऱ्याचं मिश्रण पळवतो. म्हणून दुसऱ्या एखाद्या इंजिनात २८० अंशांचा कॅम मवाळ वागला, तर तो इथेही वागेल असं धरू नका. काही कॅम बनवणारे यावर ‘स्कॅटर’ कॅम देतात. त्यात आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरचं टायमिंग मुद्दाम थोडं वेगळं ठेवलेलं असतं.

तुमच्यासाठी कोणता?

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. गाडी बहुतेक वेळ किती आरपीएमवर चालते? १० इंची चाकं आणि ३.४४ फायनल ड्राइव्ह असलेली मिनी टॉप गिअरमध्ये दर १,००० आरपीएमला साधारण २५ किमीचा वेग धरते. ताशी ६० ला झाले २,४०० आरपीएम. ज्या कॅमला ३,५०० नंतर जाग येते, तो या गाडीत टॉप गिअरला ८५-९० च्या पुढेच जागा होणार. पुण्यात किंवा मुंबईत हे कुठे आणि किती वेळ शक्य आहे, ते तुम्हीच ठरवा.

माझं मत विचाराल तर रोज किंवा दर रविवारी रस्त्यावर चालणाऱ्या १२७५ ला २६०-२७० अंशांच्या आसपासचा कॅम पुरेसा आहे. १९८० च्या दशकातल्या एमजी मेट्रोचा कंपनीचाच कॅम या कामासाठी वर्षानुवर्षं वापरला जातोय, उगाच नाही. २८० च्या पुढचा कॅम ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी, ३०० फक्त रेससाठी. इंजिन ८४८ किंवा ९९८ सीसीचं असेल तर प्रत्येक वेळी एक पायरी खाली या. तोच कॅम छोट्या इंजिनात जास्त बिथरतो.

लिफ्टसाठी दुसरी वाटही आहे. मूळ रॉकरचं प्रमाण साधारण १.२५ आहे. लोब ६ मिमी असेल तर व्हॉल्व्ह ७.५ मिमी उघडतो. १.५ चे रॉकर लावले तर ९ मिमी. कॅम तोच, इंजिनही उतरवायला नको. पण स्प्रिंग पूर्ण दबून अडकत नाही ना आणि १२७५ मध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कडेला टेकत नाही ना, हे मोजल्याशिवाय स्टार्टर मारू नका.

ऑर्डर देण्याआधी आणि बसवताना

मिनीत ऑइल पंप कॅमच्या टोकावरून फिरतो आणि त्या जोडणीचे वेगवेगळे प्रकार आहेत. कॅम परदेशातून मागवला, कस्टम भरलं आणि पंपाची जोडणीच जुळली नाही, तर तो शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचा उरतो. आपल्या पंपाचा फोटो विक्रेत्याला आधी पाठवा.

कॅम बदलायला इंजिन खाली घ्यावंच लागतं. नंतरच्या १२७५ ब्लॉकला बाजूची टॅपेट कव्हरं नाहीत, त्यामुळे टॅपेट काढायला गिअरबॉक्सही वेगळा करावा लागतो. टॅपेट नवेच घ्या. जुने टॅपेट जुन्या लोबवर घासून बसलेले असतात, ते नवा कॅम खातात.

टायमिंग चेन ‘खुणेला खूण’ जुळवून काम भागत नाही. डिग्री व्हील आणि डायल गेज लावून मोजावंच लागतं. कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या बॅचने चेन एक दात चुकवली होती. ४० दातांच्या कॅम स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. इंजिन सुरू झालं, पण दम्याच्या पेशंटसारखं. सरांनी काही न बोलता फक्त डिग्री व्हील टेबलावर ठेवलं.

पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन आयडलला सोडू नका. २,००० ते २,५०० आरपीएमवर २० मिनिटं चालवा, म्हणजे लोबवर तेल नीट उडतं. तेल झिंक जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं घ्या. आजच्या गाड्यांच्या तेलात झिंक कमी असतं. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्सला तेल एकच आहे, त्यामुळे लोब घासला तर त्याचा चुरा बेअरिंगपासून गिअरपर्यंत सगळीकडे फिरतो. त्यानंतर एसयू कार्ब्युरेटरची नीडल आणि डिस्ट्रिब्युटरचा अ‍ॅडव्हान्स नव्या कॅमप्रमाणे जुळवणं आलंच. हा खर्च कॅमच्या किमतीत कोणी धरत नाही.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. कॅमची आरसीवर नोंद नसते, पण मोठा ओव्हरलॅप न जळलेलं पेट्रोल बाहेर टाकतो आणि ते पीयूसीच्या यंत्राला बरोबर दिसतं.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक पेच आहे. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी आहे आणि इंजिनातले बदल त्यात अडचणीचे ठरू शकतात. अशी नोंदणी करायचा विचार असेल तर आरटीओत आधी विचारा आणि मूळ कॅम काढलाच, तर तेल लावून, गुंडाळून, उभा टांगून जपून ठेवा.