जोडानंतरचा शेक

पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे साखर कारखान्यांची यंत्रे व बॉयलर तयार झाले. बॉयलरसाठी पोलादाचे जाड पत्रे वेल्डिंगने जोडावे लागतात. वितळलेला सांधा निवताना आकुंचन पावू पाहतो. भोवतालचे थंड पोलाद त्यास अडविते. त्यामुळे सांध्यात अदृश्य ताण साचतो. शिवाय झपाट्याने निवल्यास लगतचा भाग कठीण व ठिसूळ होतो. म्हणून साध्या पोलादाचा जोड भट्टीत सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू तापवितात, जाडीच्या दर २५ मिलिमीटरमागे साधारणतः एक तास त्या तापमानात ठेवितात व सावकाश निववितात. पोलाद वितळत नाही, केवळ नरमते, ताण ओसरतो. ही पायरी गाळली, तरी जोड बाहेरून तसाच दिसतो; मात्र वाफेच्या दाबाखाली तो तडकला, तर कामगारांच्या जिवावर बेतते.